फळमाशी आणि प्रेसवरचा हात

संत तुकाराम नगरात फाटक म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. मज्जातंतूच्या पापुद्र्यातही तशीच सूक्ष्म फाटके असतात. ती उघडली की सोडियमचे कण आत घुसतात, आणि विजेची लहर पुढे सरकते. १९५२ साली हॉजकिन व हक्सली यांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून याचा हिशेब मांडला. १९६३ साली त्यांना नोबेल मिळाले.

पण फाटक घडवते कोण? याचा एक धागा मुंबईत कुलाब्याला लागतो. १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. १९७६ साली त्यांनी व अमेरिकेतील सेमूर बेन्झर यांनी काही चमत्कारिक फळमाशांवरचे संशोधन प्रसिद्ध केले. एरवी धडधाकट असलेल्या या माशा उष्णता सुमारे २९ अंशांवर गेली की निपचित पडत. गारवा मिळताच उठून चालू लागत! दोष मज्जासंस्थेत होता. १९८९ साली गानेत्स्की व सहकाऱ्यांनी अशा एका जातीतले बिघडलेले जनुक हुडकले. ते सोडियमचे फाटक घडवणारेच निघाले.

माशांवर सरकारी पैसा कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. त्यांनी प्रेस-शॉपमध्ये यावे.

कोवळ्या स्नायूत एका जातीची फाटके असतात. मज्जातंतू येऊन नीट जोडला गेला, की ती मागे पडून प्रौढ जातीची बसतात. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की तंतू तोडला तर थोड्याच दिवसांत जुनी, कोवळ्या वयाची फाटके परत येतात. स्नायू जणू पुन्हा पोर होतो! मग तो आपोआप बारीक थरथरू लागतो, आणि त्यात या फाटकांचा वाटा असतो. डॉक्टर सुई घालून ही थरथर टिपतात. मात्र माणसात ती उमटायला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात.

आता पाहा. एका कारखान्यात प्रेसवर हात सापडलेल्या गड्याची सुईची तपासणी चौथ्याच दिवशी झाली. थरथर नाही, म्हणून तंतू शाबूत, असा शेरा पडला आणि भरपाईचा कागद मिटला. आम्ही महिन्याने पुन्हा तपासणी करवली. थरथर स्पष्ट निघाली. तेव्हापासून युनियनच्या कचेरीत आम्ही एक वही ठेवतो. तीत दोन तारखा लिहितो: अपघात केव्हा, सुई केव्हा.