सेल्कर्कच्या हिमांतील दोन हिवाळे

कॅनडाच्या पश्चिमेस ब्रिटिश कोलंबिया नांवाचा प्रांत आहे. त्यांत सेल्कर्क ही पर्वतराजि पसरलेली आहे. पॅसिफिक महासागरावरून निघालेले ढग तिच्या माथ्यांवर आपलें ओझें उतरवितात. तेथील रॉजर्स खिंडींत एका हिवाळ्यांत सरासरीनें तीस फुटांच्या आसपास हिम पडतें. कोंकणांत पाऊस मोजावा तसें तेथें हिम मोजतात. फरक इतकाच कीं, पाऊस पडून वाहून जातो आणि हिम पडून राहतें. थरावर थर चढत तें वसंतापर्यंत डोंगराच्या अंगावर टांगलेलें असतें. मनुष्य त्याच्या खालून किंवा त्याच्यावरून जाऊं लागला म्हणजे त्या टांगलेल्या ओझ्याचा प्रश्न उभा राहतो.

१८८५ सालीं कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ या खिंडींतून गेले आणि हा प्रश्न उभा राहिला. रुळांवर लांकडी छपरें घातलीं, हिम उडविणारीं यंत्रें आणलीं, मजुरांच्या टोळ्या ठेवल्या. तरी दर हिवाळ्यांत माणसें जातच राहिलीं. ४ मार्च १९१० च्या रात्रीं कीऑप्स नांवाच्या शिखरावरून उतरलेल्या हिमानें लोहमार्ग बुजला होता आणि तो मोकळा करण्यासाठीं मजुरांची एक टोळी खोदकाम करीत होती. त्यांचें लक्ष ज्या डोंगराकडे होतें त्याच्या बरोबर समोरच्या डोंगरावरून दुसरें हिमस्खलन आलें. ५८ माणसें गाडलीं गेलीं. त्यांपैकीं ३२ जण जपानांतून मजुरीसाठीं आलेले होते. एका बाजूचें संकट निस्तरीत असतां मनुष्य दुसऱ्या बाजूकडे पाहावयाचें विसरतो, हा अनुभव कांहीं हिमापुरता नाहीं; परंतु हिमांत त्याची किंमत तत्काळ मोजावी लागते. रेल्वेनें यानंतर डोंगराशीं झगडणें सोडून दिलें व डोंगराच्या पोटांतून पांच मैलांचा कॉनॉट बोगदा खणला. १९१६ सालीं तो सुरू झाला आणि खिंड पुन्हां निर्मनुष्य झाली.

ती कायमची निर्मनुष्य राहिली नाहीं. १९६२ सालीं देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाणारा राजमार्ग याच खिंडींतून खुला झाला. या वेळीं मात्र आधीं अभ्यास व मग रस्ता असा क्रम ठेवला होता. पीटर शेरर नांवाच्या स्विस अभियंत्यानें हिम कोणत्या घळींतून उतरतें याची पाहणी करून संरक्षणाची योजना आंखली. स्वित्झर्लंडांत डाव्होसजवळच्या उंच खिंडींत १९३६ पासून शास्त्रज्ञ हिमांत खड्डे खणून त्याच्या थरांचा अभ्यास करीत होते. त्या विद्येचा हा प्रसाद होता. रस्ता बंद करावयाचा, सैन्याच्या तोफा वरच्या उतारांवर डागावयाच्या आणि हिम सांठण्यापूर्वींच थोडें थोडें खालीं पाडावयाचें, ही रीति तेव्हांपासून चालू आहे. युद्धाचीं साधनें अशीं सत्कारणीं लागल्याचीं उदाहरणें थोडींच असतील.

परंतु रस्ता एक असतो आणि उतार असंख्य असतात. रस्त्यावरील प्रवाशाच्या रक्षणासाठीं तोफ आहे. रस्ता सोडून स्वेच्छेनें हिमांत शिरणाऱ्याच्या रक्षणासाठीं काय आहे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुढें आला, आणि त्याला एका नव्या खेळानें जोर आणला.

१९६५ च्या नाताळांत अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत शर्मन पॉपेन नांवाच्या गृहस्थानें मुलींच्या करमणुकीसाठीं दोन स्की एकत्र जोडल्या आणि त्यांवर उभें राहून घसरण्याचें खेळणें बनविलें. पुढें १९७७ च्या सुमारास जेक बर्टन कार्पेंटर या तरुणानें व्हरमाँट राज्यांत तशा फळ्या बनविण्याचा कारखाना काढला. हाच स्नोबोर्ड. प्रारंभीं स्कीच्या मैदानांवर या मंडळींस मज्जाव असे. उनाड पोरांचा खेळ म्हणून त्याकडे पाहत. १९९८ सालीं जपानांतील नागानो येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याला स्थान मिळालें, तेव्हां तो उनाडपणाचा शिक्का पुसला गेला.

या खेळाच्या पहिल्या पिढींतील अग्रणी म्हणजे क्रेग केली. त्याचा जन्म १९६६ चा. वॉशिंग्टन राज्यांत तो लहानाचा मोठा झाला. तेथील माउंट बेकर या ज्वालामुखी पर्वताच्या उतारांवर त्याचें शिक्षण झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं. विश्वविद्यालयांत तो रसायन अभियांत्रिकी शिकत होता, परंतु खरी विद्या डोंगरावर चालली होती. १९९८–९९ च्या हिवाळ्यांत याच डोंगरावरील मैदानांत ९५ फूट हिम पडलें आणि त्या विक्रमाची नोंद जगांत झाली, यावरून तेथील हिमाची कल्पना यावी. क्रेगनें चार वेळां जगज्जेतेपद मिळविलें. कीर्ति, पैसा, चित्रपट सर्व कांहीं त्याच्या पायांशीं आलें. आणि नेमक्या त्याच वेळीं, खेळाच्या ऐन भरांत, त्यानें सामने सोडून दिले.

पुढचीं वर्षें प्रवासाचीं होतीं. हिवाळा जेथें जाईल तेथें हा जावयाचा. अलास्काचे उतार त्यानें पाहिले, जपानांतील हिम पाहिलें. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेंतील चिलीपर्यंतचा लांबलचक प्रवास त्यानें मोटारींतून केला. उत्तर गोलार्धांत उन्हाळा आला म्हणजे दक्षिण गोलार्धांत हिवाळा असतो, या भूगोलाच्या पहिल्या धड्याचा असा उपयोग थोड्यांनींच केला असेल. या भटकंतींत एक गोष्ट त्याच्या मनावर ठसली असावी. फळीवर तोल सांभाळणें ही एक विद्या आहे आणि फळीखालच्या हिमाचा स्वभाव ओळखणें ही दुसरी. पहिलींत कितीही पारंगत झालें तरी दुसरी तिच्यामागून आपोआप येत नाहीं. तो ब्रिटिश कोलंबियांत येऊन राहिला आणि पर्वतांतील वाटाड्यांच्या शिक्षणक्रमांत त्यानें नांव घातलें. तो शिक्षणक्रम स्कीवर चालणाऱ्यांसाठीं घडविलेला होता. फळी घेऊन त्यांत शिरणारा पहिला मनुष्य म्हणून त्याचें नांव घेतात. चार वेळां जगज्जेता ठरलेल्या मनुष्यानें पस्तिशी ओलांडल्यावर पुन्हां पाटी घेऊन बसावें, यांतच त्याचें मोठेपण आहे. पदकांत तें तितकेंसें नाहीं.

आतां त्या हिमाचा स्वभाव थोडा पाहावा लागेल. सह्याद्रीच्या घाटांत दरड कोसळते ती बहुधा मुसळधार पावसांत. संकट आणि त्याचें कारण दोन्ही एकाच वेळीं डोळ्यांसमोर असतात. हिमाचें तसें नाहीं. नोव्हेंबर २००२ मध्यें सेल्कर्क भागांत हिमावर पाऊस पडला व त्याचें बर्फाचें कवच बनलें. पुढें थंडीमुळें त्या कवचालगत कोरडे, कोनदार कण तयार झाले. असे कण रवाळ साखरेसारखे असतात. एकमेकांना धरून राहत नाहींत. त्यांच्यावर डिसेंबर आणि जानेवारींतील वादळांनीं नव्या हिमाची जाड लादी चढविली. वरून पाहणाऱ्यास शुभ्र, मऊ, निर्दोष उतार दिसावा आणि खालीं दोन महिन्यांपूर्वींचा तो निसरडा थर तसाच असावा, अशी ती स्थिति होती. अशा जागीं माणसाच्या पायाचा भार त्या थरापर्यंत पोंचला म्हणजे लादीला तडा जातो आणि सबंध उतार एकदम सुटतो. प्राणघातक हिमस्खलनांपैकीं बहुतेक स्खलनें बळी पडणाऱ्यानेंच किंवा त्याच्या सोबत्यानेंच सुरू केलेलीं असतात.

२० जानेवारी २००३ रोजीं सकाळीं रेव्हलस्टोक गांवाच्या ईशान्येस, टम्बलडाउन नांवाच्या डोंगराच्या ला त्राव्हियाता या उतारावर २१ जण दोन तुकड्यांनीं नागमोडी वाट काढीत वर चढत होते. बरोबर अनुभवी वाटाडे होते, अंगावर सर्व साधनें होतीं. उतार सुटला. सात जण मरण पावले. त्यांत क्रेग केली होता. तो ३६ वर्षांचा होता.

येथें साधनांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हिमांत जाणारा मनुष्य तीन वस्तु जवळ ठेवतो: संदेश पाठविणारें व ऐकणारें लहानसें बिनतारी यंत्र, लांब सळई आणि फावडें. त्या यंत्राचा पहिला उपयुक्त नमुना जॉन लॉटन या अमेरिकन अभियंत्यानें १९६८ च्या सुमारास तयार केला. गाडला गेलेला मनुष्य पंधरा मिनिटांच्या आंत बाहेर निघाला तर दहांपैकीं नऊ वाचतात. पस्तीस मिनिटांनीं तिघांपैकीं एखादाच हातीं लागतो. म्हणजे गांवांतून मदत येईपर्यंत वाट पाहण्यास वेळच नसतो. सोबती हाच काय तो वैद्य आणि हाच काय तो शिपाई. शिवाय यंत्रामुळें हिमाखालचा मनुष्य सांपडतो, हिम सुटावयाचें थांबत नाहीं. हा भेद खरेदीच्या उत्साहांत पुष्कळदा विसरला जातो.

या दुर्घटनेची चर्चा संपली नव्हती तोंच १ फेब्रुवारी उजाडला. त्याच दिवशीं कोलंबिया हें अंतराळयान परतीच्या वाटेवर जळून कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती गेले. भारतांतील घरांघरांत त्या दिवसाची आठवण आहे. त्याच दिवशीं रॉजर्स खिंडीजवळ कॅलगरी भागांतील एका शाळेचे चौदा विद्यार्थी आणि तीन मोठीं माणसें स्कीवरून चाललीं होतीं. मुलें दहावींतील. कीऑप्स शिखरावरून हिमस्खलन आलें. १९१० सालीं ज्या शिखराच्या हिमानें रूळ बुजविले होते तेंच हें शिखर. सतराही जण त्याच्या तडाख्यांत सांपडले. दैवयोगानें दोन वाटाडे जवळच्या उतारावर होते. त्यांनीं तें दृश्य पाहिलें आणि धांव घेऊन एकामागून एक माणसें खणून काढलीं. दहा वाचलीं, सात मुलें गेलीं. सेल्कर्क पर्वतांत बारा दिवसांत चौदा बळी पडले. त्या हिवाळ्यांत सबंध कॅनडांत हिमस्खलनानें २९ माणसें मेलीं.

क्रेगचा मृत्यु हा जाणत्याचा मृत्यु होता; आपण कोठें जात आहों हें त्याला ठाऊक होतें. मुलांचें तसें नव्हतें. शाळेच्या कागदावर सही करणाऱ्या आईबापांना तो उतार ठाऊक नव्हता आणि तो किती वाईट आहे हें एका दृष्टिक्षेपांत सांगणारें साधें मापही त्यांच्या हातीं नव्हतें. हिमाची सूचना छापली जात होती, नाहीं असें नाहीं. परंतु ती जाणत्यांनीं जाणत्यांसाठीं लिहिलेली असे. मृत मुलांच्या पालकांनीं हा मुद्दा सोडला नाहीं. दुःखांत गप्प बसणें सोपें असतें. त्यांनीं सरकारच्या मागें लागण्याचा कठीण मार्ग पत्करला.

त्यांच्या पाठपुराव्याचें फळ लवकरच दिसलें. २००४ सालीं लोकांना हिमाची पूर्वसूचना देण्यासाठीं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. त्याची कचेरी रेव्हलस्टोक येथें आहे. त्याच सुमारास राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यानें उतारांची तीन वर्गांत प्रतवारी केली: सोपे, अवघड आणि गुंतागुंतीचे. आजचें हिम कसें आहे हा प्रश्न वेगळा आणि ही जागाच मुळांत कशी आहे हा प्रश्न वेगळा, हें त्या प्रतवारीमुळें सामान्य माणसासही उमगूं लागलें. हिम रोज बदलतें, जागा बदलत नाहीं. शाळेच्या मुलांस तिसऱ्या वर्गाच्या प्रदेशांत हिवाळ्यांत नेण्यास मनाई झाली. दुसऱ्या वर्गाच्या प्रदेशांत प्रमाणपत्र मिळविलेला वाटाड्या बरोबर असेल तरच परवानगी मिळूं लागली.