मद्रास ते बडोदे : रेखाटन आणि वास्तूचे कर्तृत्व

साहित्याच्या अभ्यासात खर्ड्याला आता प्रतिष्ठा लाभली आहे. वास्तूच्या इतिहासात मात्र रेखाटनाकडे आजही बहुधा पूर्वतयारी म्हणूनच पाहिले जाते. मद्रासचा (आजच्या चेन्नईचा) वास्तुविशारद रॉबर्ट फेलोज चिझम याची कारकीर्द या समजुतीला छेद देते.

मरीना किनाऱ्यालगतचे प्रेसिडेन्सी कॉलेज (१८७०) ही चिझमचीच इमारत, पण वळण इटालियन. शेजारचे सिनेट हाऊस (१८७४-७९) पाहिले, तर घुमटधारी मनोऱ्यांमुळे ते दुसऱ्याच हाताचे वाटावे. मधल्या काळात गव्हर्नर लॉर्ड नेपियर याच्या प्रोत्साहनाने चिझम जुन्या देशी वास्तूंकडे वळला होता. मदुरेच्या तिरुमल नायक राजवाड्याचा जीर्णोद्धार त्याने हाती घेतला, चेपॉक राजवाड्याच्या दोन महालांमध्ये मनोरा उभारला, त्रावणकोरची उतरत्या छपरांची घरे अभ्यासली. जीर्णोद्धार करायचा तर वास्तू आधी मापून कागदावर उतरवावी लागते. कमान कोठून वळते, भार कोणत्या खांबावर येतो, हे डोळ्यांपेक्षा रेघ ओढणाऱ्या हाताला अधिक नेमके कळते. या अर्थाने रेखाटन हे वाचनच होय. किंबहुना अनुवादाची पहिली पायरी.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यापुढील प्रकरण अधिक महत्त्वाचे आहे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा शिल्पकार मेजर चार्ल्स मँट याने सयाजीराव गायकवाडांसाठी बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा योजिला. १८८१ मध्ये मँट निवर्तला. आपली गणिते चुकली या धास्तीने त्याने प्राण दिला, ही दंतकथा अद्याप सांगितली जाते. अपुरे काम चिझमकडे आले आणि १८९० मध्ये पूर्ण झाले. येथे बाणभट्टाच्या कादंबरीची आठवण अपरिहार्य आहे. मराठीने ज्या ग्रंथाच्या नावावरून एका साहित्यप्रकाराचे नाव घेतले, तो ग्रंथही मुलाने पुरा केलेला आहे. मात्र बाणाच्या मुलापुढे गद्य होते. चिझमपुढे अर्धवट भिंती आणि आराखडे. आराखडा मापे देतो, आज्ञा करतो. मोकळे रेखाटन पुष्कळसे अनिर्णित ठेवते, आणि उत्तराधिकाऱ्याला खरा वाव त्या अनिर्णितातच असतो. केवळ मापांवरून दुसऱ्याची वास्तू पुरी करणे म्हणजे केवळ कोशावरून काव्य भाषांतरित करणे.

चिझमच्या स्वतःच्या बडोदा कॉलेजचा भव्य घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो. या कॉलेजवर आणि भारतातील घुमटरचनेवर त्याने लंडनच्या वास्तुविशारदांपुढे निबंधही वाचला. त्याचे नाव टिकण्यास असा छापील निबंध मोठा आधार ठरला, हे विसरता कामा नये. १८५० मध्ये डॉ. अलेक्झांडर हंटर याने स्थापन केलेल्या मद्रासच्या कलाशाळेत, जिचा चिझम पुढे अधीक्षक झाला, रेखांकन हा हस्तोद्योगांचा पाया मानला जाई. तेथे हात घडवून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांची नावे आराखड्याच्या कोपऱ्यात आली? सही विशारदाची असे. रेघ पुष्कळदा दुसऱ्याची.