डर्टी हॅरी: एक रिव्हॉल्व्हर, एक रायफल आणि एक वॉरंट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड, जरासा नीटनेटका करून. आजचा विषय आहे १९७१ च्या डिसेंबरमध्ये आलेला 'डर्टी हॅरी' आणि त्यातली हत्यारं. पिक्चर पन्नास वर्षांपेक्षा जुना आहे, त्यामुळे शेवटासकट सगळं सांगणार आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.

गोष्ट थोडक्यात अशी. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्कॉर्पिओ नावाने चिठ्ठ्या पाठवणारा एक खुनी गच्चीवरून लोकांना टिपतोय आणि शहराकडे पैसे मागतोय. त्याच्या मागे आहे इन्स्पेक्टर हॅरी कॅलहन, म्हणजे क्लिंट ईस्टवूड. दिग्दर्शक डॉन सीगल. स्कॉर्पिओमागे खरी सावली होती झोडिअॅक नावाच्या खुन्याची. त्याने १९६८-६९ मध्ये त्याच भागात खून केले, वर्तमानपत्रांना पत्रं पाठवली, शाळेच्या बसमधल्या मुलांना मारण्याची धमकी दिली. तो कधीच सापडला नाही. म्हणजे थिएटरात बसलेल्या माणसांच्या मनात ही भीती ताजी होती.

आता हॅरीचं रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९, पॉइंट ४४ मॅग्नम. हे पोलिसांसाठी बनवलेलं नव्हतंच. एल्मर कीथ नावाचे गुरं पाळणारे आणि बंदुकांवर लिहिणारे एक गृहस्थ होते. शिकारीसाठी जास्त ताकदीचं काडतूस हवं म्हणून ते कित्येक वर्षं जुन्या पॉइंट ४४ स्पेशल काडतुसात जास्त दारू भरून प्रयोग करत होते. शेवटी रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्व्हर बनवलं. १९५५ च्या अखेरीस ते तयार झालं आणि १९५७ मध्ये त्याला '२९' हा नंबर मिळाला.

थोडं गणित करू. त्या काळी अमेरिकन पोलिसांकडे सर्रास असायचं पॉइंट ३८ स्पेशल. त्याची गोळी साधारण १० ग्रॅमची, वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास. पॉइंट ४४ मॅग्नमची गोळी साधारण साडेपंधरा ग्रॅमची, वेग ४३० मीटरच्या आसपास. वेगाचा वर्ग होतो, त्यामुळे ऊर्जा निघते पाचपटीहून जास्त. पण न्यूटनचा तिसरा नियम हिरोलाही लागू आहे! साडेसहा इंची नळीचं हे रिव्हॉल्व्हर सव्वा किलोहून जड असूनही हाताला सणसणीत धक्का देतं. दुसरी गोळी नेम धरून मारायला वेळ लागतो. शिवाय गर्दीच्या रस्त्यावर अशी गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. म्हणजे शहरातल्या पोलिसासाठी हे तसं गैरसोयीचंच हत्यार. पुढच्या 'मॅग्नम फोर्स' मध्ये तर खुद्द हॅरी सांगतो की तो हलकी काडतुसं वापरतो.

पण पडद्यावर काय दिसलं? बँक लुटणारा जखमी होऊन पडलाय, हात बंदुकीपाशी आहे, आणि हॅरी त्याला विचारतो की मी सहा गोळ्या झाडल्या की पाच, बघ नशीब आजमावून. तो सीन सगळ्यांना पाठ आहे. पिक्चरनंतर मॉडेल २९ ला इतकी मागणी आली की दुकानांत ते छापील किमतीपेक्षा महाग विकलं जायचं. जे हत्यार शिकाऱ्यांचं होतं, ते एका पोलिसाची ओळख बनलं.

मला मात्र या पिक्चरमधलं दुसरं हत्यार जास्त महत्त्वाचं वाटतं, स्कॉर्पिओची दुर्बीणवाली रायफल. पहिल्या खुनानंतर हॅरीला गच्चीवर एक रिकामं काडतूस सापडतं. बंदुकीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. काडतुसाच्या बुडावर फायरिंग पिनचा ठसा राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक बंदूक आपला लॉग स्वतःच लिहून ठेवते. रायफल हाती आली की लॉग जुळवायचा, केस संपली.

रायफल हाती येतेही. हॅरी केझार स्टेडियममधल्या स्कॉर्पिओच्या खोलीत वॉरंटशिवाय घुसतो, पळणाऱ्या स्कॉर्पिओला मैदानावर पायात गोळी घालतो आणि त्या जखमेवर पाय देऊन पळवलेल्या मुलीचा पत्ता काढतो. मुलगी तोवर मेलेली असते. दुसऱ्या दिवशी सरकारी वकील सांगतात की रायफल पुरावा म्हणून चालणार नाही, आरोपी सुटणार. हॅरी म्हणतो की गोळी जुळवून दाखवतो. उत्तर येतं की जुळली तरी उपयोग नाही.

हे हवेतून आलेलं नाही. १९५७ मध्ये क्लीव्हलँड शहरात पोलीस एका संशयिताला शोधत डॉलरी मॅप या बाईंच्या घरात घुसले. वॉरंट म्हणून एक कागद फडकवला, पण खरं वॉरंट कोर्टापुढे कधी आलंच नाही. संशयित राहिला बाजूला, अश्लील पुस्तकं सापडली म्हणून बाईंनाच शिक्षा झाली. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली आणि सांगितलं की बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा कुठल्याच राज्याच्या कोर्टात वापरता येणार नाही. १९६६ च्या मिरांडा निकालाने ठरवलं की कोठडीतल्या चौकशीआधी आरोपीला गप्प बसण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगायलाच हवा. 'डर्टी हॅरी' हा या निकालांवर चिडलेल्या अमेरिकेचा पिक्चर आहे. पॉलीन केल या समीक्षिकेने म्हणूनच त्यावर फॅसिस्ट असल्याची टीका केली.

लॉग खरा असेल, पण तो कोणी कुठल्या परवानगीने उचलला, हे ऑडिटला विचारतातच. पिक्चर मात्र ते विचारणाऱ्यालाच मूर्ख ठरवतो. स्कॉर्पिओ सुटतो, शाळेची बस पळवतो, आणि शेवटी हॅरी तोच सहा-की-पाचवाला प्रश्न विचारून त्याला मारतो. मग आपला बिल्ला पाण्यात फेकतो. आपण टाळ्या वाजवतो, कारण खुनी स्कॉर्पिओच आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कोर्टाने ते पाहिलेलं नसतं. आणि मॅपबाईंच्या दारात उभ्या पोलिसांनाही आपण बरोबर माणसाकडे आलोय असंच वाटत होतं.

१९७३ च्या 'मॅग्नम फोर्स' मध्ये याचं अर्धं उत्तर आहे. तिथे खुनी निघतात पोलिसच, गुन्हेगारांना परस्पर मारणारे. हॅरीला संशय येतो. नेमबाजीच्या स्पर्धेत तो त्यातल्या एकाचं रिव्हॉल्व्हर मागून घेतो, मुद्दाम भलतीकडे गोळी मारतो आणि नंतर ती गोळी काढून जुळवून बघतो. बंदूक पुन्हा पुराव्याच्या जागी येते.

त्याच वर्षी हिंदीत 'खून खून' नावाने 'डर्टी हॅरी' चा रिमेक आला, महेंद्र संधू आणि डॅनी यांचा. आपल्याकडे कायदा मात्र वेगळा आहे. १९७४ च्या पूरणमल खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की झडती बेकायदा होती एवढ्याच कारणाने पुरावा बाद होत नाही. म्हणजे ती रायफल इथे बहुधा चालली असती. पण पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे १८७२ पासूनच आरोपीविरुद्ध चालत नाही. जखमेवर पाय ठेवणारे लोक ब्रिटिशांनाही माहीत होते.

आणि मुंबई? १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या ९९ एन्काउंटर्सचा प्रश्न, ज्यांत सुमारे १३५ माणसं मेली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य. २०१४ मध्ये कोर्टाने एन्काउंटरमधल्या मृत्यूंच्या तपासासाठी १६ सूचना दिल्या. त्यातली एक अशी की संबंधित अधिकाऱ्याने आपलं हत्यार फॉरेन्सिक आणि बॅलिस्टिक तपासणीसाठी जमा करायचं.

कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवायचं, नंबर लिहून घ्यायचा, नळीचे ओरखडे जुळवू द्यायचे. या सीनला कुणी शिट्ट्या मारणार नाही. पण हॅरीच्या मॉडेल २९ चा नंबर कुणी लिहून घेतला होता का, हे पिक्चर बघताना एकदा तरी मनात येऊ द्या.

तुमच्या आवडत्या पोलिसपटात असा हत्यार जमा करण्याचा सीन असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!