झाडलोटीतलं सोनं: झारेकरी, गलाईवाले आणि १९३१ सालच्या पाटल्या

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी उतरवून देतोय. बोलल्यासारखं वाटलं तर चालवून घ्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कर्जतचा आहे म्हटल्यावर लोक हमखास विचारतात. उल्हास नदीच्या वाळूत सोनं नाही. पाताळगंगेतही नाही. पावसाळ्यात भिवपुरीच्या ओढ्यात पिवळं काहीतरी चमकतं ते अभ्रक असेल, पायराइट असेल, नाहीतर पिकनिकवाल्यांनी टाकलेल्या वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा असेल. आपला सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. या काळ्या दगडात काढून परवडेल असं सोनं नसतं. महाराष्ट्रात सोनं हवं असेल तर पूर्वेला जायचं, भंडारा, नागपूर, गडचिरोलीकडे. तिथे खडक कितीतरी पट जुने आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यात नदीची रेती धुऊन सोन्याचे कण काढणारी सोनझारा नावाची जातच होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ काढला, त्यात तिची नोंद आहे. तिकडे दक्षिणेला, गदगजवळच्या कप्पतगुड्ड डोंगरातल्या ओढ्यांमध्ये हेच काम जलगार करायचे.

मग कोकणात सोनं शोधून पोट भरणारं कोणी नव्हतंच का? होतं की. फक्त ते नदीवर जात नव्हते, सोनाराच्या दारात जात होते. त्यांना झारेकरी म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा शब्द सापडतो. सोनाराच्या दुकानातली राख आणि धूळ घेऊन ती धुऊन त्यातून सोनं काढणारा तो झारेकरी.

हे काम ऐकायला गंमतशीर वाटतं, पण त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. सोनं पाण्याच्या १९ पटीहून जड. साधी वाळू पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट. त्यामुळे धूळ पसरट पाटीत घेऊन पाण्यात गोल फिरवली की हलकं ते वाहून जातं आणि जड ते तळाला राहतं. आधी धूळ जाळायची, म्हणजे केस, कागद, चिंध्या जातात. मग कुटायची, मग धुवायची. शेवटी उरलेल्या काळ्या गाळात पारा मिसळायचा. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. तो गोळा फडक्यातून पिळून तापवायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. उडालेला पारा कुठे जातो? तापवणाऱ्याच्या फुप्फुसात. हा भाग जुन्या वर्णनांमध्ये सहसा नसतो.

सोनाराकडे सोनं सांडतं किती? कानस मारताना कीस उडतो, पॉलिश करताना भुकटी उडते, कपड्यांना लागते, हात धुताना पाण्यात जाते. म्हणून जुन्या पेढ्यांवर कारागिराने बाहेर जाताना हात ठरलेल्या भांड्यातच धुवायचे, बसायच्या चटया जुन्या झाल्या तरी फेकायच्या नाहीत, जाळायच्या. एवढं करूनही काही कण बाहेर जातातच. कर्जत लोकल पकडून मस्जिदला उतरा, चालत मुंबादेवीच्या मागे झवेरी बाजारात जा. दुकानं बंद झाल्यावर रस्ता आणि गटाराची कड झाडून ती माती गोळा करणारे लोक आजही दिसतात. झाडू इतका बारकाईने चालतो की महापालिकेला लाज वाटावी.

पण या बाजाराच्या इतिहासात झाडलोट ही किरकोळ गोष्ट. जुनं सोनं सगळ्यात जास्त वितळलं ते १९३१ नंतर.

तेव्हा जगभर मंदी. भाताचे भाव कोसळलेले. आपला भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता आणि इथलं मुख्य पीक भातच. पीक विकून हातात येणारा पैसा घटला, पण सरकारी सारा रोखीतच भरायचा आणि सावकाराचं व्याज थांबत नव्हतं. अशात २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सुवर्णमानक सोडलं. सोप्या भाषेत, पौंडाच्या बदल्यात ठरलेलं सोनं द्यायची हमी काढून घेतली. रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून तोही सोन्याच्या तुलनेत घसरला. तोळ्याचा सरकारी दर २१ रुपये ३ आणे १० पै होता. वर्ष संपेपर्यंत बाजारभाव तिशीच्या जवळ गेला.

आता त्या घरातला हिशोब बघा. पाच तोळ्यांच्या पाटल्या, जुन्या भावाने शंभराच्या थोड्या वर. नव्या भावाने दीडशेच्या जवळपास. दारात सावकार उभा, कपाटात एवढी रक्कम. काय कराल? देशभर लोकांनी पाटल्या, गोठ, पुतळ्या काढल्या आणि विकल्या. गावच्या सोनाराकडून ते सोनं तालुक्याच्या पेढीवर, तिथून मुंबईला. मुंबईत ते वितळवून त्याच्या लगडी झाल्या आणि बोटीने लंडनला गेल्या. इंग्रजीत त्याला संकटातलं सोनं अशा अर्थाचं नाव पडलं. काही वर्षं भारत हा सोनं बाहेर पाठवणारा देश होता, आणि त्याची खाण होती बायकांच्या मनगटावर. मुशीत गेल्यावर पाटली कर्जतची की कऱ्हाडची हे कुणालाच सांगता येत नाही. याच सावकारीविरुद्ध पुढे आपल्या तालुक्यात भाई कोतवालांनी धान्य कोठ्या उघडल्या. शाळेत त्यांचं नाव सिद्धगडच्या हौतात्म्यासाठी घेतात, त्या कोठ्यांबद्दल फारच कमी बोलतात.

वितळवणारे कोण? इथे सांगली जिल्हा येतो. विटा, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. शेतीवर भागेना म्हणून तिथली माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभर पसरली. केरळपासून कोलकात्यापर्यंत सराफ बाजाराच्या कुठल्यातरी गल्लीत गलाईचं दुकान असतं आणि आतून मराठी ऐकू येतं. सोनाराने जुना दागिना आणायचा, यांनी तो गाळून शुद्ध करून द्यायचा.

यातली रीत मला एखाद्या सुंदर अल्गोरिदमसारखी वाटते. जुन्या दागिन्यात तांबं, चांदी मिसळलेली. नायट्रिक आम्ल, म्हणजे तेजाब, चांदी आणि तांबं विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. मग दागिना थेट तेजाबात का नाही टाकायचा? कारण सोनं जास्त असेल तर तेच बाकी धातूंभोवती चिलखतासारखं बसतं आणि आम्ल आत पोचत नाही. म्हणून गलाईवाला उलटं करतो, त्यात आणखी चांदी घालतो. सोनं साधारण चौथाईवर आलं की सगळं एकत्र वितळवायचं, पातळ करून तेजाबात टाकायचं. चांदी जाते, खाली तपकिरी भुकटी राहते. दिसायला चहाच्या चोथ्यासारखी. ती टाकणखार घालून मुशीत वितळवली की पिवळं सोनं. विरघळलेल्या चांदीत तांब्याची पट्टी सोडली की चांदीही परत मिळते. शुद्ध करण्यासाठी आधी अशुद्ध करायचं, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला माझा नमस्कार.

तेजाबाचा तपकिरी धूर मात्र वाईट. लगेच फक्त खोकला येतो, आणि काही तासांनी, माणूस घरी जाऊन झोपल्यावर, फुप्फुसात पाणी भरू शकतं. खोपोलीच्या माझ्या एका मित्राने मध्यंतरी भंगारातून अर्धं पोतं जुने मदरबोर्ड आणले आणि गॅलरीत हाच प्रयोग करायचं ठरवलं होतं. व्हिडिओत सोपं दिसतं म्हणे. मी त्याला धुराचं सांगितलं, त्याने ऐकलं नाही. मग आकडे सांगितले. टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या उपकरणांतून बनवली होती. सुमारे ७९ हजार टन कचरा, त्यात ६२ लाखांवर मोबाइल, आणि एवढ्यातून सोनं निघालं ३२ किलो. सगळं सोनं फोनमधूनच आलं असं धरलं तरी एका फोनमागे ५ मिलिग्रॅम. एका तोळ्याला दोन हजारांहून जास्त फोन. सर्किट बोर्डांचं प्रमाण यापेक्षा बरं असतं, पण अर्ध्या पोत्यात तोळा नाही म्हणजे नाही. तेव्हा तो ऐकला, आणि पोतं परवाना असलेल्या रिसायकलवाल्याला किलोच्या भावाने दिलं. त्यांच्या भट्टीला धूर शोषणारी यंत्रणा असते आणि बोर्डातलं तांबंही विकलं जातं. नफा टनांवर आहे, पोत्यावर नाही.

गलाईवाल्यांवर मोठा घाव पडला तो कायद्याचा. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध दागिना घडवायला बंदी. आपल्याकडे १४ कॅरेटचं मंगळसूत्र कोण घेणार? सोनारांचं काम बसलं, कित्येकांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. कॅरेटची अट काही वर्षांत सुटली, पण १९६८ च्या कायद्याने नुसती लगड किंवा सोन्याचा गोळा घरात ठेवणंच गुन्हा ठरवलं. गाळणाऱ्याला परवाना हवा. म्हणजे तीच पाटली हातात असताना कायदेशीर, आणि वितळून गोळा झाली की बेकायदा! तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

आता दुसरं संकट आहे, सावकाश येणारं. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक असतो आणि क्ष-किरणांचं यंत्र काही सेकंदांत कॅरेट सांगतं. पूर्वी कसोटीवर कस लावून, नुसता रंग बघून जो अंदाज गलाईवाला बांधायचा, त्या नजरेचे पैसे आता मिळत नाहीत. मोठ्या रिफायनऱ्या विजेच्या पद्धतीने ९९.९९ पर्यंत शुद्ध सोनं देतात, बारीक दुकानदार त्या भावात टिकत नाही. तरी किसाची, राखेची, चटईच्या जळाची पुडी घेऊन येणारा छोटा कारागीर अजून त्याच गल्लीत जातो. पाच ग्रॅम धुळीसाठी रिफायनरी दार उघडत नाही.