सांताक्रूझ : विद्यापीठाचे शहर आणि निवाऱ्याचा प्रश्न

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सांताक्रूझ हे शहर सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस, मॉन्टेरे उपसागराच्या काठी वसले आहे. मुंबईच्या उपनगराशी त्याचे केवळ नामसाधर्म्य आहे. शहराची लोकसंख्या सुमारे ६३ हजार असून, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९६५ साली येथे सुरू झालेल्या शाखेत १९ हजारांच्या आसपास विद्यार्थी शिक्षण घेतात. न्यूयॉर्क वा सॅन फ्रान्सिस्को यांच्या तुलनेत हे एक लहानसे गावच म्हणावे लागेल. तथापि २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी भाडेकरूंसाठी अमेरिकेतील सर्वांत महागडे नागरी क्षेत्र म्हणून सांताक्रूझ-वॉटसनव्हिल या परिसराचीच नोंद झाली.

अल्प उत्पन्न गटांच्या घरांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेच्या वार्षिक अहवालातील ही नोंद आहे. दोन शयनगृहांचे घर भाड्याने घेताना उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम खर्च होऊ नये, यासाठी ताशी किती वेतन हवे, याचा हिशेब त्यात मांडला जातो. सांताक्रूझसाठी २०२४ सालचा हा आकडा होता ७७ डॉलर ९६ सेंट. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील किमान वेतन ताशी १६ डॉलर होते. याचाच अर्थ, किमान वेतनावरील जवळजवळ पाच पूर्णवेळ नोकऱ्यांची मिळकत एकत्र केल्यावर एका घराचे भाडे परवडते.

वाढीला विरोध आणि त्याचे परिणाम

या टंचाईचे मूळ १९७० च्या दशकात आहे. मतदानाची वयोमर्यादा १९७१ साली १८ वर्षांवर आल्याने विद्यार्थ्यांना मताधिकार मिळाला आणि त्यांच्या पाठिंब्याने पर्यावरणवादी, पुरोगामी विचारांचे गट शहराच्या राजकारणात प्रबळ झाले. किनाऱ्यालगतची शेते आणि टेकड्या बांधकाम व्यावसायिकांच्या हाती जाऊ नयेत, हा त्यांचा आग्रह होता. सांताक्रूझ काउंटीने, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाने, १९७८ साली सार्वमताद्वारे वाढीवर वार्षिक मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी शहराभोवती हरितपट्टा राखण्याचा कौल मतदारांनी दिला. नव्या घरांपैकी काही हिस्सा परवडणाऱ्या दरात द्यावा, अशी तरतूदही या निर्णयांत होती. परंतु घरेच मोजकी बांधली गेल्यावर त्यांतील हिस्सा तो केवढा असणार?

याच १९७८ साली राज्यभर ‘प्रस्ताव १३’ संमत झाला. त्यान्वये मालमत्ता कर खरेदीच्या वेळच्या किमतीवर बेतला जाऊन करपात्र मूल्यात वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढ करता येते. जुन्या मालकाला घर विकणे त्यामुळे तोट्याचे वाटते. इकडे डोंगरापलीकडील सिलिकॉन व्हॅलीत संगणक उद्योगाची भरभराट झाली आणि तेथील पगारदारांनी समुद्रकाठची घरे घेण्यास प्रारंभ केला. ऑगस्ट २०२० मधील वणव्यात काउंटीतील ९०० हून अधिक घरे भस्मसात झाली, तेव्हा बेघर झालेली कुटुंबेही याच अपुऱ्या बाजारात येऊन दाखल झाली.

विद्यापीठाची भूमिका

वसतिगृहांत जागा न मिळालेले विद्यार्थी चार-पाच जण मिळून एखादे घर घेतात. प्रत्येकाचा वाटा जोडला की जी रक्कम होते, ती एकट्या कमावत्या माणसाच्या कुटुंबाला देता येत नाही. विद्यार्थी आणि उपाहारगृहात वा शेतात राबणारा कामगार हे अशा रीतीने एकाच छपरासाठीचे प्रतिस्पर्धी ठरतात. खुद्द विद्यार्थीही सुखात नाहीत. अध्यापन साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी घरभाड्यापोटी दरमहा १,४१२ डॉलरच्या वाढीव भत्त्याची मागणी करून डिसेंबर २०१९ पासून गुणपत्रके रोखून धरली. फेब्रुवारी २०२० अखेर विद्यापीठाने त्यांच्यापैकी ५० हून अधिक जणांना कामावरून दूर केले.

विद्यापीठाने सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांच्या निवासाचा प्रकल्प २०१७ साली जाहीर केला होता. त्यातील काही इमारती आवाराच्या प्रवेशालगतच्या कुरणावर उभ्या राहणार असल्याने विरोध झाला आणि प्रकरण अनेक वर्षे न्यायालयात रेंगाळले. विरोध करणाऱ्यांना कुरणाच्या सौंदर्याची कळकळ होती, यात शंका नाही. मात्र त्याची किंमत कुरणाकडे पाहण्याची फुरसत नसलेल्यांनी मोजली. विद्यार्थिसंख्या २०४० पर्यंत २८ हजारांवर नेण्यास वाव देणारा आराखडा विद्यापीठाने २०२१ साली मंजूर केला. त्याविरुद्ध तर शहर प्रशासनानेच न्यायालयात धाव घेतली.

गणनेत न येणारे बेघर

काउंटीत २०२२ साली २,२९९ आणि २०२३ साली १,८०४ व्यक्ती बेघर आढळल्या. ही गणना एका ठरावीक दिवशी केली जाते व तीत निवारागृह, रस्ता, तंबू किंवा वाहन यांत रात्र काढणारेच मोजले जातात. मित्राच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकणारा विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही. हे सारे लोक बाहेरून येतात, असा स्थानिकांत दृढ समज आहे. गणनेबरोबरच्या सर्वेक्षणांत मात्र बहुसंख्य बेघर याच काउंटीतील पूर्वीचे रहिवासी असल्याचे वारंवार दिसून आले आहे.

सॅन लोरेन्झो नदीनजीक २०१८ च्या अखेरीस उभी राहिलेली तंबूंची वस्ती, न्यायालयीन स्थगितीमुळे काहीशी लांबून, मे २०१९ मध्ये हटवण्यात आली. महासाथीच्या काळात नदीकाठच्या उद्यानात त्याहून मोठी वस्ती झाली. ती २०२२ मध्ये उठवली गेली. निवारागृहात जागा उपलब्ध नसेल तर उघड्यावर झोपणाऱ्यास शिक्षा करता येणार नाही, असा २०१८ चा अपील न्यायालयाचा निर्णय तोवर लागू होता. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ओरेगन राज्यातील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी तो फिरवला.

मतपेटीतील कौल

भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव शहरातील मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये फेटाळला. त्याच दिवशी परवडणाऱ्या घरांसाठी १४ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्याच्या प्रस्तावाला काउंटीत निम्म्याहून अधिक मते मिळाली, पण कायद्याने आवश्यक असलेले दोन तृतीयांश मताधिक्य न मिळाल्याने तो बारगळला. वर्षातील बराच काळ रिकाम्या राहणाऱ्या घरांवर कर लावण्याची सूचनाही २०२२ साली नामंजूर झाली.

राज्य सरकारने आता दबाव वाढवला आहे. २०२३ अखेर संपलेल्या कालखंडासाठी शहराला ७४७ घरांचे उद्दिष्ट होते. २०३१ पर्यंतच्या पुढील आठ वर्षांसाठी ते ३,७३६ करण्यात आले आहे.