मायक्रोकंट्रोलरसाठीच्या लघुभाषा

मायक्रोकंट्रोलरसाठीच्या लघुभाषा : प्रोसेसर, स्मृती आणि बाह्य उपकरणांशी जोडणारे मार्ग ज्या एकाच चिपमध्ये सामावलेले असतात, त्या चिपवर चालाव्यात म्हणून मुद्दाम आटोपशीर ठेवलेल्या संगणकभाषा. इंटेलने १९८० मध्ये काढलेल्या आणि महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी अभ्यासलेल्या ८०५१ या चिपमध्ये आज्ञावलीसाठी ४ किलोबाइट व चालू कामातील मूल्यांसाठी अवघे १२८ बाइट होते. अर्डुइनोच्या प्रचलित बोर्डांवरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये हेच आकडे ३२ व २ किलोबाइट आहेत. एवढ्या तुटपुंज्या ऐवजावर कारभार चालवावयाचा असल्यामुळे कोणत्या सोयींना मज्जाव करावयाचा, हे भाषाकर्त्यास आरंभीच ठरवावे लागते.

या निर्णयांचे गांभीर्य रत्नागिरीजवळच्या एका स्थळावरून ध्यानी येईल. रत्नागिरी व निवसर या स्थानकांच्या दरम्यान पानवल नदीच्या दरीवर कोकण रेल्वेचा सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल असून, तेथील वाऱ्याच्या वेगावर वायुवेगमापकाने नजर ठेवली जाते. अशा जागेसाठी आपणच एक मापक रचावयाचा आहे, असे क्षणभर मानू : वाट्यांचे चक्र फिरेल तसतसा विजेचा ठोका चिपकडे यावा, ठोके मोजून वेग काढावा आणि तो मर्यादेपलीकडे जाताच स्थानकाला वर्दी मिळावी.

आता जी भाषा काम चालू असताना मागेल तेव्हा स्मृती देते आणि वापरलेली जागा मागाहून झाडून घेते, ती लिहिणाऱ्यास सुखाची खरी. परंतु झाडलोटीच्या वेळी मुख्य आज्ञावली खोळंबते आणि महिनोन्‌महिने अखंड चालणाऱ्या यंत्रात स्मृतीचे तुकडे पडून, एकूण शिल्लक पुरेशी असतानाही, सलग जागा मिळेनाशी होते. जागेचा सारा जमाखर्च कंपायलरच्या दप्तरीच पुरा करणारी भाषा रुक्ष वाटली तरी ती ऐन आषाढात दगा देत नाही. संख्यांचेही तसेच. लहान चिपमध्ये दशांशांचे गणित करणारे स्वतंत्र अंग नसते, ते काम आज्ञांच्या लांबलचक मालिकेवर सोपवावे लागते; म्हणून सेकंदाला २७.४ मीटर हा वेग २७४ अशा पूर्णांकाने साठवावा आणि दशांशचिन्ह केवळ दाखविताना घालावे, हा रिवाज पडला.

अशा काटकसरीचा सर्वांत धीट आविष्कार म्हणजे चार्ल्स मूर यांनी १९७० च्या सुमारास सिद्ध केलेली आणि लवकरच अमेरिकेतील किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रणास लावलेली फोर्थ ही भाषा. तिच्यात व्याकरण जवळजवळ नाहीच. संख्या आधी स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या चळतीवर, ठेवावयाच्या व क्रिया शेवटी सांगावयाची. २७४, मग १०, मग भागाकाराचे चिन्ह, हा क्रम वाक्याच्या अंती क्रियापद ठेवणाऱ्या मराठी माणसास मुळीच परका वाटू नये. नव्या शब्दाची व्याख्या अपूर्णविरामाने उघडते, अर्धविरामाने मिटते, आणि तो शब्द तत्काळ भाषेचाच घटक बनतो. कंपायलरसह सारी व्यवस्था काही किलोबाइटांत, खुद्द चिपवर, नांदू शकत असल्याने पुलाशी उभा असलेला तंत्रज्ञ तार जोडून एक शब्द टंकतो व त्या क्षणीचा वेग वाचतो. शहरातून नवी आज्ञावली येईपर्यंत थांबण्याची त्याला गरज उरत नाही. २०१४ मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानातील आरटीएक्स २०१० हे प्रोसेसरही फोर्थच्या धर्तीवरच घडविलेले होते. मात्र स्टॅकवर एक संख्या अधिक वा उणी राहिली तर फोर्थ बहुधा हरकत घेत नाही, चुकीचे उत्तर मुकाट्याने पुढे जाते, आणि हा दोष सौम्य मानता येत नाही.

इंटेलने ८०५२ या चिपच्या एका प्रकारात ८ किलोबाइटांची बेसिक भाषा कायमची कोरून दिली होती. डेमियन जॉर्ज यांची २०१३ ची मायक्रोपायथन ही त्या मानाने ऐसपैस : तिच्या मूळ बोर्डावर १९२ किलोबाइट रॅम होती आणि तीतही तातडीच्या व्यत्ययाची दखल घेणाऱ्या भागास नवी स्मृती मागण्याची मुभा नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत, जेथे चूक झाल्यास यंत्र पुन्हा चालू करावयास कोणी हजर असते, तेथे मायक्रोपायथनच योग्य. पुलावरील मापकासाठी मात्र फोर्थ, अथवा स्मृतीची मागणी वर्ज्य करून शिस्तीने लिहिलेली सी, हीच पत्करावी.