छोट्या विमानातील इंधनमापकाची वाटचाल

1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आलेल्या पायपर जे-3 कब या विमानाच्या पॅनेलवर इंधनाचा काटाच नव्हता. पॅनेलच्या पुढे, इंजिनाच्या मागे 12 गॅलनांची, म्हणजे सुमारे 45 लिटरची टाकी होती. तिच्या झाकणातून एक तार वर आलेली असे आणि तारेच्या खालच्या टोकाला लाखेचा लेप दिलेले बूच पेट्रोलवर तरंगत असे. वैमानिकाला समोरच्या काचेतून ही तार दिसे. ती आखूड होत झाकणाला टेकू लागली की उतरण्याची जागा शोधायची. भारतातील फ्लाइंग क्लबांमध्ये पुढे वर्षानुवर्षे उडालेल्या ब्रिटिश टायगर मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध होती. तिथेही काचेच्या उभ्या नळीतला तरंगक थेट नजरेला पडे. ही साधने ओबडधोबड होती खरी, पण इंधन आणि वैमानिकाचा डोळा यांच्यामध्ये वायर, जोड किंवा वीज असे काहीच नव्हते. हा गुण पुढे दीर्घकाळ हरवला.

टाक्या पंखांत गेल्या तेव्हा हे थेट दर्शन अवघड झाले. 1946 च्या सेसना 140 मध्ये काटा पंखाच्या मुळाशी बसवून ते काही काळ टिकवले गेले. त्यानंतर मात्र मोटारगाडीतली पद्धत विमानात आली आणि काटे पॅनेलवर पोचले. तरंगकाचा दांडा वरखाली होतो, त्याच्या टोकाची पत्री रोधक तारेच्या गुंडाळीवर घासत सरकते, विद्युतप्रवाह कमीजास्त होतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. टाकीतल्या या भागाला कारागीर सेंडर म्हणतात. पत्री रोज ज्या पट्ट्यात फिरते तिथली तार झिजते, गंज धरतो, अर्थिंग सैल पडते. काही तरंगकांत हळूहळू पेट्रोल मुरते आणि ते जड होऊन बुडू लागतात. त्यातच पंखाची टाकी उथळ, लांबट आणि टोकाकडे चढती असते. त्यामुळे मुळाशी बसवलेला तरंगक टाकी पुरती भरण्याआधीच वरच्या टोकाला टेकतो आणि पहिले काही गॅलन खर्च होईपर्यंत काटा जागचा हलत नाही.

नियमाबद्दलही एक हट्टी गैरसमज रुजला. मापकाने शून्य कधी दाखवायचे, हे अमेरिकी नियमांत ठरवून दिले होते: सरळ उड्डाणात टाकीत फक्त वापरता न येणारे इंधन उरले असेल तेव्हा. यावरून काटा रिकाम्या टाकीपुरताच अचूक असला तरी चालतो, असा अर्थ काढला गेला. प्रत्येक टाकीतले इंधन दाखवणारा चालू मापक हवा, ही स्वतंत्र अट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटली. वैमानिकांच्या पिढ्या ‘काट्यावर भरवसा ठेवू नका’ हे ऐकतच घडल्या. डिपस्टिकने टाकी मोजायची, घड्याळ लावायचे आणि इंजिनाच्या ताशी खपाने गुणायचे, ही सवय उत्तमच होती. तरीही तिच्या आडून सदोष सेंडर दशकानुदशके खपून गेले, आणि उड्डाणात झाकण सुटून किंवा गळतीने पेट्रोल जात असेल तर ते घड्याळाला कळत नाही.

मोठ्या विमानांनी दुसऱ्या महायुद्धानंतर धारकतेची, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजण्याची पद्धत स्वीकारली. एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांमध्ये हवेच्या जागी पेट्रोल आले की धारकता जवळपास दुप्पट होते आणि तिच्यावरून पातळी कळते. यात हलणारा भाग नाही, मात्र पाणी शिरले की माप बिघडते.

2003 च्या सुमारास छोट्या विमानांत काट्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदे आले आणि जुन्या विमानांच्या पॅनेलांचेही नूतनीकरण जोरात सुरू झाले. पडदा नवा आणि सेंडर मात्र जुनाच, अशी जोडी बहुतेक ठिकाणी जमली. जड काट्याच्या संथपणाआड लपलेला दोष आता दर सेकंदाला बदलणाऱ्या आकड्यांतून उघडा पडला. सोबत बसणारा प्रवाहमापक इंजिनाकडे गेलेले इंधन फार अचूक मोजतो, पण सुरुवातीचा आकडा वैमानिकानेच भरायचा असतो. तो चुकला की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

त्यामुळे लक्ष पुन्हा टाकीकडे वळले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या सीज या कंपनीच्या सेंडरमध्ये तरंगकाच्या दांड्यासोबत चुंबक फिरते आणि त्याची दिशा टाकीबाहेरचा सेन्सर ओळखतो. घासणारी पत्री नाही आणि इंधनात वीजही नाही. दुसऱ्या गोष्टीचे मोल 1996 मध्ये टीडब्ल्यूए 800 या उड्डाणातील बोईंग 747 विमानाच्या टाकीत झालेल्या स्फोटाने दाखवून दिले होते. टाकीबाहेरच्या शॉर्टसर्किटमुळे जादा व्होल्टेज इंधनमापकाच्या वायरिंगमधून टाकीत शिरले असावे, हीच शक्यता तपासात सर्वाधिक ठरली. सिरस कंपनीने आपल्या नव्या विमानांत हे चुंबकीय सेंडर घेतले आणि जुन्या विमानांसाठीही ते मिळू लागले.

बदल करताना खरा वेळ जातो तो मापनात. टाकी पूर्ण रिकामी करून विमान उड्डाणातल्या स्थितीत समतल उभे करतात. शेपटीवर टेकणाऱ्या विमानाची शेपटी त्यासाठी उचलून धरावी लागते. वापरता न येणारे इंधन ओतून तिथे शून्य नोंदवतात. मग ठरावीक गॅलनांच्या टप्प्यांनी पेट्रोल भरत, प्रत्येक टप्प्याला लाटा शांत होऊ देत, सेन्सरचे वाचन पडद्याच्या यंत्रणेत साठवतात. दुसऱ्या टाकीसाठी हे सारे नव्याने करावे लागते, कारण दोन्ही तरंगक तंतोतंत सारखे बसत नाहीत. नव्या पडद्याला मुख्य मापक म्हणून मान्यता नसेल, तर जुने काटे पॅनेलवर चालू स्थितीत ठेवणे बंधनकारक राहते.